चोवीस खोट्या माश्या

माणसावर एकदा तरी सरकारी टेबलासमोर उभं राहून 'या माश्या खोट्या आहेत' असं शपथेवर सांगायची वेळ यावी. त्याशिवाय आपण या जगात कोण आहोत याचा नीट अंदाज येत नाही. कर्वेनगरच्या महिपतराव लांजेवारांवर ती वेळ आली सन दोन हजारच्या श्रावणात. ते पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते. स्वेच्छा कारखान्याची होती आणि निवृत्ती लांजेवारांची, एवढंच त्याबद्दल सांगून पुढे जाऊ.

पार्सल अमेरिकेहून आलं होतं. पाठवणारा तेजस लांजेवार, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या वर्षी कर्वेनगरात ज्याचा मुलगा अमेरिकेत नाही अशा माणसाकडे लोक सहानुभूतीने बघायचे. सोसायटीतल्या बायका भाजी निवडतानासुद्धा 'तिकडे आता रात्रीचे अकरा वाजले असतील' असं सहज बोलून जायच्या. तर त्या पार्सलवर तेजसने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, फिशिंग रॉड एक, रीळ एक, फ्लाइज चोवीस. प्रामाणिकपणा नडला.

"फ्लाइज म्हणजे?" कस्टमच्या टेबलामागच्या साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"माश्या."

"म्हणजे कीटक. परदेशी कीटक देशात आणायला शेतीखात्याचं ना-हरकत पत्र लागतं."

"अहो साहेब, खोट्या आहेत त्या. दोऱ्याच्या अन् पिसांच्या. आत गळाचा आकडा असतो. माशाला वाटते, खरीच माशी पडली."

"पिसं?" साहेब सावध झाले. "म्हणजे यात पक्षीपण आले." त्यांनी एक छापील कागद पुढे ओढला. "जिवंत की मृत?"

"कधी जिवंतच नव्हत्या हो!"

"म्हणजे मृत," असं म्हणून साहेबांनी खूण केली. कागदावर दोनच चौकोन होते, त्याला ते तरी काय करणार?

चार खेपा झाल्या. शेवटी 'मी, महिपती दौलत लांजेवार, वय वर्षे एकावन्न, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर माश्या नग चोवीस या माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खोट्या आहेत' असं प्रतिज्ञापत्र झालं, त्यावर शिक्का बसला आणि पार्सल सुटलं. घरी ते उघडल्यावर त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, एक माशी चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"अरे बाप्पा! पोरगं तिकडे कॉम्प्युटरवर बसते, अन् बापाला माश्या पाठवते. इथल्या कमी पडल्या होत्या का?"

सोबत चिठ्ठी होती. 'बाबा, इथे दर शनिवारी ऑफिसचे मित्र आणि मी तळ्यावर जातो. इथे तळहाताएवढे छोटे मासे असतात, त्यांना पॅनफिश म्हणतात. म्हणजे आख्खा मासा तव्यात मावतो. या माश्यांवर ते वेड्यासारखे येतात. खरं तर यांना वेगळी काठी लागते, पण दुकानदार म्हणाला रिळाच्या साध्या काठीवरही चालतात. तुम्ही भंडाऱ्याच्या तलावात पकडायचात ना? आता तुम्हाला वेळच वेळ आहे. फोटो पाठवा.'

महिपतरावांनी चिठ्ठी तीनदा वाचली आणि ते उगीचच गॅलरीत जाऊन उभे राहिले. कारण असं होतं. तेजस चौथीत असताना त्यांनी त्याला वचन दिलं होतं, येत्या रविवारी तुला मासे धरायला नेतो. त्या रविवारी कारखान्यात ओव्हरटाइम निघाला. पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग पोराची स्कॉलरशिप, मग दहावी, मग इंजिनिअरिंग. पोरगं सुरुवातीला दर शनिवारी संध्याकाळी विचारायचं, "बाबा, उद्या?" नंतर विचारायचं बंद झालं. न विचारणाऱ्या पोराचा जास्त त्रास होतो, हे ज्यांना पोरं आहेत त्यांना सांगायला नको. तो रविवार चौदा वर्षं त्यांच्या छातीत अडकून बसला होता आणि आता तो काठी होऊन हॉलमध्ये आडवा पडला होता.

दसरा झाल्यावर, आभाळ मोकळं झालं तेव्हा महिपतरावांनी गच्चीवर सराव सुरू केला. भंडाऱ्याला त्यांनी बांबूची काठी, दोरी आणि गांडूळ एवढ्यावर तलाव गाजवले होते. रीळ हे प्रकरण नवं होतं. पण पंचवीस वर्षं स्प्रिंगांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला रिळाचं काय कौतुक? कडी उघडायची, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बोटाने धरायचा, काठी मागे न्यायची, झपकन पुढे आणायची आणि बोट सोडायचं. त्यांनी सगळं बरोबर केलं. माशी त्यांच्याच चपलेवर पडली.

दुसऱ्यांदा जोर लावला. माशी दुसऱ्या चपलेवर पडली.

भानगड साधी होती. माशीला वजनच नव्हतं. रिळाच्या काठीला काहीतरी जड भिरकवायला लागतं, त्याच्यामागे तंगूस सुटत जातो. पिसाचा तुकडा काय ओढणार कपाळ! महिपतरावांना हे कळायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत सोसायटीचे चेअरमन माधवराव खांबेटे रोज संध्याकाळी गच्चीवर पंचा वाळत घालायच्या निमित्ताने येऊन, हाताची घडी घालून बघत राहिले. खांबेटे बँकेतून रिटायर झालेले, कडक शाकाहारी, आणि हौशी होमिओपॅथ. सोसायटीतल्या बत्तीस बिऱ्हाडांत त्यांच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या न खाल्लेलं कोणी नव्हतं.

"लांजेवार," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मासे बादलीत ठेवलेत, की यायचेत अजून?"

अपमान गिळणं हा पुण्यात आलेल्या प्रत्येक भंडारेकराचा पहिला धडा असतो. महिपतरावांनी गिळला. मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे म्हणाले, शिशाचा गोळा लावा. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, मुळात गच्चीची दिशा चुकीची आहे, वारा पश्चिमेचा असतो. ज्यांनी जन्मात मासा पाहिला नव्हता त्यांचे सल्ले सगळ्यात सविस्तर होते. महिपतरावांनी शेवटी कारखान्यातून आठवण म्हणून आणलेला एक जाडजूड नट तंगुसाला बांधला, कडी उघडली आणि झोकून दिला.

नट गेला! काय गेला म्हणता! वारज्याच्या दिशेने गोळीसारखा गेला आणि जाता जाता समोरच्या इमारतीवरून येणाऱ्या केबल टीव्हीच्या वायरीला तीन वेढे घालून लोंबकळत राहिला. अशा वेळी शहाणा माणूस तंगूस कापतो. पण टोकाला माशी होती, तीही शपथपत्रावर मिळालेली. महिपतरावांनी खेचलं. वायर सांध्यातून निघाली. खाली बत्तीस घरांत क्रिकेटची फायनल चालू होती आणि सहा चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या. बत्तीस घरांतून एकच आवाज आला. तो कसला होता ते इथे लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खांबेट्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात सूचना लागली. 'एक: गच्चीवर मासेमारी करण्यास सक्त मनाई आहे. दोन: गच्चीवर मासे नाहीत. तीन: क्रमांक दोन वाचूनही ज्यांना शंका असेल, त्यांनी चेअरमनांना सायंकाळी पाच ते सहा या वेळात समक्ष भेटावे.'

महिपतराव ती सूचना वाचून तसेच कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले. आदल्या वर्षापर्यंत तिथे एसटीडी बूथ होता. आता प्लायवूडचे खोके करून त्यात कॉम्प्युटर बसवले होते आणि आख्ख्या कर्वेनगरातले आईबाप एका बोटाने टाइप करत आपापल्या पोरांशी तिथून बोलत होते. तेजसची मेल आली होती. 'बाबा, मिळाला का एखादा?' बत्तीस बिऱ्हाडांनी टाकून बोललेला माणूस, त्याला जगात एकच जण विचारतोय. त्याला 'नाही' म्हणायचं? महिपतरावांच्या बोटाने आपणहून टाइप केलं, 'काल पाच मिळाले. तळहाताएवढे.'

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'ग्रेट! मी डिसेंबरात तीन आठवडे येतोय. आपण जाऊ. मला तुमच्याबरोबर जायचंय.'

झालं! खोटं बोलावं, पण ज्याला विमानाचं तिकीट परवडतं अशा माणसाशी बोलू नये. महिपतरावांची झोप उडाली आणि त्यातून झटके मारून मारून उजवा खांदा धरला. शेवटी ते सूचनेतल्या क्रमांक तीननुसार, बरोबर पाच वाजता, खांबेट्यांकडे गेले. आता होमिओपॅथीची एक रीत असते. खांदा दुखतो म्हटलं तर ते खांद्यावर थांबत नाहीत, थेट मनात शिरतात.

"भीती कसली वाटते? अंधाराची? उंचीची? पाण्याची?"

"पाण्याची नाही," महिपतराव म्हणाले.

"मग?"

"पोराची."

आणि मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. चौथीतला रविवार, पाच मासे, डिसेंबर. खांबेटे वहीत लिहीत होते, ते लिहायचे थांबले.

"लांजेवार, मला खोटं बोललेलं आवडत नाही," ते म्हणाले. "आणि मासे खाल्लेलेही आवडत नाहीत. पण बाप म्हणून तुम्ही..." त्यांनी गोळ्यांची पेटी उघडली. "या गोळ्या घ्या. चार-चार, दिवसातून तीनदा. कांदा बंद."

गोळ्या संपल्या. खांदा होता तसाच राहिला. विमलाबाईंनी ती दोन ड्रामची प्लास्टिकची बाटली धुवायला बादलीत टाकली आणि महिपतराव आंघोळीला गेले तेव्हा ती अर्धी पाण्याने भरून, मान वर काढून तरंगत होती. त्यांनी ती बाहेर काढून झाकण लावलं. हातावर तोलली. वजन होतं! परत पाण्यात सोडली. तरंगली! पारदर्शक होती, माशाला दिसायचीही नाही. मानेला खाच होती, तंगूस बांधायला सोयीची. महिपतराव टॉवेलवरच तीन जिने उतरून खांबेट्यांच्या दारात उभे राहिले.

"पूर्ण भरली तर बुडेल," खांबेटे बाटली डोळ्यांसमोर धरून गंभीरपणे म्हणाले. त्यांच्यातला वैद्य जागा झाला होता. "रिकामी ठेवली तर वाऱ्यावर जाईल. अर्धी म्हणता, पण मला वाटतं अर्ध्याहून दोन थेंब जास्त. डोस महत्त्वाचा. आणि माशी बाटलीच्या मागे हातभर लांब ठेवा. मी येतो."

"तुम्ही?"

"मासा खाणार नाही मी. पण तो धरता येत नाही, हे मला बघवत नाही. एक अट. मिळालेला मासा परत पाण्यात सोडायचा."

त्यानंतरचा नोव्हेंबर दोघांनी खडकवासल्याच्या पाण्याकाठी, कुडजे गावाच्या बाजूला काढला. खांबेट्यांच्या स्कूटरवर मागे महिपतराव, त्यांच्या हातात उभी काठी. वारज्याच्या चौकात लोक वळून बघायचे. बाटली आता सुरेख जायची, चाळीस-पन्नास फूट. पहिल्याच दिवशी ती पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीच्या पलीकडे पडली आणि ओढून घेताना माशी म्हशीच्या शेपटीत रुतली. म्हैस उठून गावाकडे चालू लागली आणि रीळ कर्रर्र करत रिकामं होत गेलं. म्हशीचा मालक बजरंग शेजारीच बांबूची काठी टाकून बसला होता. त्याच्या पिशवीत सात चिलापी तडफडत होत्या, एकेक तळहाताएवढी.

"सायेब, ह्यो टीव्हीचा एरियल हाय व्हय?" म्हशीची शेपटी सोडवून झाल्यावर त्याने विचारलं.

खांबेट्यांनी त्याला सगळं शास्त्र समजावलं. बजरंगने ऐकून घेतलं, बाटली हुंगली, माशी निरखली. "माशी झ्याक हाय. पर तुमी लई घाईनं ओढताय. मासं काय येस्टी पकडाया निघाल्यात व्हय? जरा थांबा, मंग ओढा. परत थांबा."

थांबणं! महिपतरावांना पंचवीस वर्षांत तेवढं एकच काम कोणी शिकवलं नव्हतं. नोव्हेंबर संपला. चोवीसातल्या अकरा माश्या बाभळीत, दोन म्हशीत आणि एक खांबेट्यांच्या टोपीत खर्ची पडली. मासा एकही नाही.

तेजस आला. विमानतळावर तो जरा वाळलेला दिसला, पण विमलाबाईंना तो नेहमीच वाळलेला दिसायचा. पहिला रविवार मावशीकडे गेला, दुसरा एका लग्नात. तिसऱ्याला त्याचं परतीचं विमान होतं. शेवटी मधल्या एका मंगळवारी सकाळी खांबेट्यांची स्कूटर पुढे आणि बापलेकांची रिक्षा मागे, अशी वरात कुडज्याला पोचली. महिपतरावांनी काठी जोडली, बाटलीत पाणी भरलं, खांबेट्यांनी दोन थेंब वाढवले.

"घे, तू आधी," महिपतराव म्हणाले. म्हणजे आपली फजिती तेवढीच पुढे ढकलली जाईल.

"छे, तुम्ही आधी. तुम्ही एक्स्पर्ट."

"तुला दर शनिवारची सवय."

"पण बाबा, इथलं पाणी तुमच्या ओळखीचं."

"दोघांपैकी कोणी टाकणार आहे," खांबेटे गळ्यातला कॅमेरा सावरत म्हणाले, "की मी घरी जाऊन जेवू?"

तेजसने काठी घेतली. मागे नेली. झोकली. रिळाची कडी उघडलीच नव्हती, त्यामुळे बाटली जागच्या जागी गर्रकन फिरून त्याच्याच पाठीत बसली. महिपतराव बघत राहिले. पोराने काठी पुन्हा धरली, उलटी. रीळ वरच्या बाजूला.

"बाबा," तेजस पाण्याकडे बघत म्हणाला, "मी तिकडे कधी पकडलेच नाहीत."

"मग शनिवारी?"

"तळ्यावर जायचो. एकटाच. ऑफिसातलं कोणी नसायचं. बाकावर बसून डबा खायचो. एक म्हातारा नातवाला शिकवायला यायचा, तो या माश्या वापरायचा. ते बघत बसायचो. आई फोनवर दर वेळी विचारायची, मित्र झाले का. काय सांगणार? म्हणून मग सांगितलं, मित्रांबरोबर मासे धरतो. त्या दोघांना बघून तुमची फार आठवण यायची."

महिपतरावांना चौदा वर्षांपूर्वीची शनिवार संध्याकाळ आठवली. 'बाबा, उद्या?' त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"तेजस, मीबी एक सांगतो. ते पाच मासे."

"हं?"

"एकबी नाही."

तेजसने वळून पाहिलं. आधी त्याच्या ओठाचा कोपरा हलला, मग तो असा हसत सुटला की बजरंगची म्हैस पाण्यातून उठून उभी राहिली. महिपतरावही हसायला लागले. खांबेटे मात्र हसले नाहीत. ते पाठ फिरवून बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत होते.

मग महिपतराव पोराच्या मागे उभे राहिले. त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "ही कडी उघड. तंगूस बोटावर घे. आता मागे ने. अन् सोड." बाटली उन्हात चमकत गेली आणि टप्पकन पाण्यावर बसली. तेजस ओढायला लागला, तसे ते म्हणाले, "थांब. घाई नाही. आपल्याला काही एसटी पकडायची नाही."

दोघं थांबले. थोडं ओढलं. पुन्हा थांबले. आणि बाटलीने एकदम बुडी मारली.

चिलापी निघाली. तळहाताएवढी, अगदी तव्यात मावेल अशी. बापलेक वेड्यासारखे ओरडत होते, बजरंग "ढिलं सोडा, ढिलं सोडा" म्हणून ओरडत होता, आणि या गोंधळात खांबेट्यांनी फोटो काढला. मग अटीप्रमाणे तेजसने मासा पाण्यात सोडला. तो क्षणभर तिथेच घुटमळला आणि गेला.

घरी दारातच विमलाबाईंनी विचारलं, "काय बाप्पा, मिळाला का?"

"मिळाला," खांबेटे म्हणाले. जन्मभर ज्यांनी खोटं बोलणाऱ्याला जिन्यात उभं केलं नव्हतं, ते खांबेटे. "लांजेवारांचा सहावा."

या गोष्टीला आता किती वर्षं झाली! खांबेटे गेले. सोसायटी पाडून तिथे अकरा मजले उभे राहिले आणि नव्या गच्चीवर जायला आता चावी मागावी लागते. कुडज्याच्या त्या काठाला तारेचं कुंपण आहे. फोटो मात्र लांजेवारांच्या हॉलमध्ये अजून आहे. त्यात मासा नाही. बापलेकांची डोकीही नाहीत, ती गळ्यापाशी कापली गेली आहेत. खांबेट्यांनी सगळं लक्ष बाटलीवर ठेवलं होतं, आणि ती मधोमध इतकी स्वच्छ आली आहे की आतलं पाणीसुद्धा मोजता येतं, अर्ध्याहून दोन थेंब जास्त. तिच्या बाजूला काठीवर एकावर एक ठेवलेले दोन हात आहेत.

तेजस परवा आपल्या मुलीला तो फोटो दाखवत होता. तिने विचारलं, हा कधीचा? महिपतरावांना आता ऐकू कमी येतं, पण ते खुर्चीतून लगेच म्हणाले, "रविवारचा."

तो मंगळवार होता हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कोणी दुरुस्त केलं नाही.